दोन ते चार

टप्प.

फिल्टरच्या तोटीखालच्या स्टीलच्या वाटीत थेंब पडला आणि प्रांजलीने दचकून आधी पलंगाकडे पाहिलं. वेदिका हलली नाही. तोंड थोडं उघडं, एक पाय उशीवर, हातात नर्सरीतून आणलेली कागदाची बेडकी. प्रांजली अनवाणी उठली, वाटीत ओट्यावरचं फडकं घातलं आणि पुन्हा लॅपटॉपसमोर येऊन बसली. दुसरा थेंब फडक्यात मुकाट जिरला.

दोन ते चार हे दोन तास तिचे होते. मारतहळ्ळीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभरात तिचं म्हणावं असं तेवढंच काय ते. नवरा अभिराज व्हाइटफील्डला ऑफिसात, मुलगी झोपलेली, आणि तीनचार महिन्यांपासून फोनसुद्धा गप्प. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी नेमका याच वेळेला, सकाळच्या तपासण्यांचे रिपोर्ट एकदम निघायचे तेव्हा, कुठल्या तरी लॅबच्या काउंटरवरून फोन यायचा, रिपोर्ट अडकलेत म्हणून. पोर जी किंचाळून उठायची ती रात्रीपर्यंत किरकिर करायची. दिवाळीत प्रांजलीने रांगेतले जुने रिपोर्ट साफ करणारी एक स्क्रिप्ट लिहिली आणि त्यानंतर हे फोन थांबले. तिला त्या स्क्रिप्टचा भारी अभिमान होता. अभिराजला तिने दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो बरं म्हणाला होता.

तिची कंपनी लहानशी. शहरातल्या पंधरावीस तपासणी लॅबचे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर असतात, ते सर्व्हर सांभाळायचे, एवढंच काम. पुढच्या आठवड्यात ऑडिट होतं, आणि मॅनेजर सुप्रीताने प्रांजलीला एक यादी करायला सांगितली होती: जास्तीच्या अधिकाराने चालणारे प्रोग्राम किती, कुठले, आणि का.

लिनक्सचा साधा नियम असा की चालवणाऱ्या माणसाची जेवढी पोच, तेवढीच त्याच्या प्रोग्रामची. पण काही प्रोग्रामच्या नावापुढे, परवानगीच्या अक्षरांत, एक छोटा ‘एस’ असतो. तो असला की चालवणारा कुणी का असेना, प्रोग्राम आपल्या मालकाच्या ताकदीने चालतो. आणि मालक जर रूट असेल, म्हणजे त्या मशीनवरचा सर्वाधिकारी, तर मग बोलायलाच नको. पासवर्ड बदलायच्या प्रोग्रामला हा ‘एस’ लागतोच, त्याला इलाज नाही. म्हणून असे प्रोग्राम मोजके ठेवायचे आणि प्रत्येकाचं कारण लिहून ठेवायचं.

जुन्या यादीत तेवीस होते. मशीनवर निघाले चोवीस.

तिने पुन्हा शोधलं. चोवीसच.

चोविसाव्याचं नाव होतं ‘बिडु’. कन्नडात बिडु म्हणजे सोड. मालक रूट, तारीख दिवाळीनंतरच्या आठवड्यातली, आणि लॅबच्या काउंटरवरच्या कुणालाही चालवता येईल अशी मुभा. पोटात शिरून पाहिल्यावर कळलं की तो अडकलेला रिपोर्ट रांगेतून सोडवतो. पण कुठला रिपोर्ट ते चालवणाऱ्याने सांगायचं, आणि जे सांगेल ते कसलीही शहानिशा न करता खरं मानायचं. म्हणजे जाणत्याच्या हातात पडला तर कुणाचंही रक्त, कुणाचाही आजार, दोन ओळींत बाहेर.

त्या तारखेला मशीनवर रूट म्हणून कोण शिरलं होतं, ते बघायला तिला एक मिनिट लागलं. नाव मात्र तिने तीनदा वाचलं.

जयतीर्थ.

जयतीर्थ अण्णांनी तिला हे काम शिकवलं होतं. माणूस निपाणीकडचा, पन्नाशी उलटलेला, मराठी बोलताना मध्येच कन्नडात शिरणारा. वयाने एवढा मोठा, पण तिला अक्का म्हणायचा. व्हिडिओ कॉलवर वेदिका दिसली की कामाचं सोडून आधी तिची चौकशी, “काय पुट्टी, ऊटा झालं काय?” आणि पुट्टीही जेवली नसली तरी झालं म्हणायची. अशा माणसाबद्दल मनात भलतंसलतं आणायचं म्हणजे जिवावर येतं. पण मन एकदा शंकेच्या वाटेला लागलं की त्याला मागचंही सगळं वेगळंच दिसायला लागतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “ऑडिटची यादी झाली काय अक्का? सुप्रीताला धाडायच्या आधी मला एकदा दाखवा की.” तेव्हा तिला ती माया वाटली होती. त्यांचा मुलगा अभिमन्यू दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये लागला, त्याचे पेढे तिने खाल्ले होते. आता ते पेढे आठवले. रिपोर्ट त्या लॅबला तर जात नसतील?

त्या मंगळवारी संध्याकाळी तिने अभिराजला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, “नवशिक्या पोराने केलं असतं तर चूक म्हटलं असतं. पंचवीस वर्षं मुरलेल्या माणसाची चूक नसते गं अशी.”

तो बूट ठेवून आत गेला. वाक्य मात्र तिथेच दारात राहिलं.

अण्णांनी शिकवलेली एक युक्ती होती. मशीनवर एखादी गोष्ट कुणाची आहे कळेना, तर विचारत बसायचं नाही. ती गुपचूप बंद करायची आणि वाट बघायची. “ज्याची असेल तो बोंबलत येतोय बघा, अक्का.” त्यांच्याकडून शिकलेली युक्ती त्यांच्यावरच चालवताना तिला आपण त्यांच्याच ताटात जेवून त्यांच्यावरच उठलोय असं वाटलं. तरी बुधवारी सकाळी वेदिकाला नर्सरीत सोडून आल्या आल्या तिने ‘बिडु’चा तो ‘एस’ काढला. एका ओळीचं काम. कुणाला कळवलं नाही.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मोबाइल थरथरला. उशीखाली ठेवला होता, तो झटकन उचलून ती बाथरूममध्ये गेली.

“अक्का, झोपली काय पुट्टी?” जयतीर्थच होते. आवाज नेहमीसारखाच, मऊ. “काही नाही, स्वल्प विचारायचं होतं. जे. पी. नगरचे रिपोर्ट अडकल्यात. तुम्ही आज मशीनला हात लावलात काय?”

“नाही अण्णा,” ती म्हणाली.

खोटं बोलताना माणूस उगाच कशाकडे तरी टक लावून पाहतो. ती बादलीतल्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या बदकाकडे बघत होती.

ते बरं या अर्थाने सरी, सरी म्हणाले, मी बघतो, तुम्ही असू दे. फोन बंद झाला.

आले की बोंबलत, तिच्या मनात आलं. आणि त्यात दुःखाबरोबर पाव चिमूट समाधानही होतं, हे तिने नंतर कधी स्वतःपाशी नाकारलं नाही. तीन वाजता तिने सुप्रीताला मेल लिहिला. तारीख, नाव, लॉगिनची नोंद, एवढंच. मुलाच्या नोकरीचंही लिहिलं. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं. पाठवला तेव्हा वेदिका कूस बदलत होती. सुप्रीता अशा बाबतीत क्षणही दवडणारी नव्हती. पाचच्या आत जयतीर्थांचे सगळे प्रवेश बंद झाले, कंपनीने दिलेल्या फोनसकट, आणि सोमवारी समितीपुढे यायचं असं त्यांना कळवण्यात आलं. प्रांजलीला शाबासकीच्या दोन ओळी आल्या. त्या तिने वाचल्या आणि भाजी चिरायला बसली. वेदिकाने विचारलं, आज अण्णा का नाही दिसले कॉलवर. ती म्हणाली, त्यांना काम आहे.

गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा मोबाइल वाजला. या वेळी तो स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर राहिला होता, आणि डब्याचं झाकण असं खडखडलं की वेदिकाने डोळे उघडले, मिटले, आणि हात हवेत फिरवून आई शोधली. एका हाताने तिला थोपटत प्रांजलीने दुसऱ्या हातातला फोन कानाला लावला.

जे. पी. नगरच्या काउंटरवरची पवित्रा होती. अथणीकडची मुलगी, मराठी कन्नडच्या चालीवर बोलायची. पूर्वी रोज फोन करायची तीच. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून प्रांजलीला विचित्र वाटलं.

“अक्का, माफ करा हं. मला माहीत हाय या टायमाला करायचा नाही तुम्हाला. पण जयतीर्थ सरांचा फोन बंद लागायलाय, आणि इथं अकरा रिपोर्ट अडकल्यात. एक माणूस बायकोच्या प्लेटलेटसाठी सकाळपासून उभा हाय. डॉक्टर रिपोर्ट बघितल्याबिगर काही करीना झालेत.”

“या टायमाला करायचा नाही, असं कुणी सांगितलं तुला?”

“सरांनीच की. दिवाळीनंतर.” पवित्राला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. “दोन ते चार अक्कांचं लेकरू झोपतंय, तेव्हा त्यांना उठवायचं नाही, म्हणाले. आम्हाला ते बिडु दिलं होतं ना. रिपोर्ट अडकला की नंबर घालायचा, सुटतोय. त्यातनंही नाही सुटला तर सरांना करायचा फोन. काल सरांनी हातानं सोडवून दिले. आज तेही नाहीत.”

प्रांजलीचा थोपटणारा हात थांबला होता, हे वेदिका कुरकुरली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

आधी तिने अकरा रिपोर्ट सोडवले. तीन मिनिटं लागली. मग तिने ते केलं जे मंगळवारीच करायला हवं होतं. ‘बिडु’ कुणी, कधी, किती वेळा चालवला, याच्या नोंदी मशीनवर होत्या. तिने त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. जे. पी. नगर, दोन वाजून पाच मिनिटं. जे. पी. नगर, तीन वाजून चाळीस. मध्येच व्हाइटफील्ड. दिवसाला आठ, कधी बारा वेळा. दोनच्या आधी एकदाही नाही आणि चारच्या नंतर एकदाही नाही. बाहेर गेलेला एकही रिपोर्ट नाही. जो ज्याचा, तो त्यालाच.

तिच्या त्या स्क्रिप्टने काहीच केलं नव्हतं. रिपोर्ट तेवढेच अडकत होते.

म्हणजे हे दोन तास. पलंगाच्या कडेला बसून पोरीच्या कानामागच्या घामाचा वास घेत केलेलं काम, कधी कामाच्या नावाखाली लिहिलेली चार ओळींची डायरी, एकदा तर नुसतं तिच्याकडे बघत घालवलेली अख्खी दुपार. हे सगळं तिने मिळवलंय असं तिला वाटत होतं. ते तिला कुणीतरी दिलं होतं, आणि दिलंय हे कळू न देता.

तरी शंका म्हणजे शंकाच, ती एकदम कशी जाईल. असंच होतं तर सांगितलं का नाही? योग्य वाट होती की. सुडो म्हणजे मोजूनमापून अधिकार द्यायची सोय, तिच्यात एक ओळ घालायची, पवित्राचं नाव, एकच आज्ञा, प्रत्येक वेळची नोंद, सुप्रीताची सही. पण सही मागायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण काय लिहिणार? दुपारी प्रांजली फोन घेत नाही? सुप्रीताने ते एकदा वाचलं असतं तर घरून काम करायची सवलत त्याच दिवशी गेली असती. अण्णांनी तो ‘एस’ लावून ठेवला, आणि यादी आपल्याला आधी दाखवा म्हणाले ते ऑडिटच्या आधी काढून टाकायला. कदाचित. ती स्वतःशी कदाचित म्हणाली, कारण त्यांना विचारायची सोय तिने ठेवली नव्हती. त्यांचा घरचा नंबर तिच्याकडे नव्हता. पाच वर्षांत कधी मागितलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र तिला नाकारता येत नव्हती. भोक खरंच होतं. मायेने पाडलेलं असलं तरी चोराला त्यातून शिरताच आलं असतं.

चारला दहा कमी असताना तिने सुप्रीताला दुसरा मेल लिहिला. सगळ्या नोंदी जोडल्या. लिहिलं की जयतीर्थांच्या मुलाबद्दलचं वाक्य मला मागे घ्यायचंय, त्याला काही आधार नव्हता. लिहिलं की मी बुधवारी त्यांच्याशी खोटं बोलले. आणि मग ते वाक्य, ज्यावर बोट पाच मिनिटं अडून राहिलं: हा प्रोग्राम दुपारी दोन ते चार मला फोन येऊ नये म्हणून केलेला होता. त्याचा फायदा मी घेतला आहे.

पाठवला.

सुप्रीताचं उत्तर संध्याकाळी आलं, चार ओळींचं. नोंदी समितीपुढे ठेवू. नियम मोडलाच आहे, त्यामुळे सोमवारपर्यंत निर्णय बदलणार नाही, नंतरचं समिती ठरवील. आणि उद्यापासून सर्व लॅबचे दुपारचे फोन थेट प्रांजलीकडे येतील, तिने घंटी बंद ठेवू नये.

शुक्रवारी दोनला वेदिका झोपली. फिल्टरखालच्या वाटीत तेच फडकं होतं. सव्वादोनला पहिला फोन आला, व्हाइटफील्डचा. अडीचला जे. पी. नगर, पवित्रा, पाच रिपोर्ट. प्रांजली एका हाताने टाइप करत होती आणि मांडीवर वेदिकाचं डोकं होतं, केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. पोर रडली नाही. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तिने कागदाची बेडकी आईच्या कीबोर्डवर ठेवली आणि फोनकडे बोट दाखवलं.

“आई, हा आधी का नव्हता गं वाजत?”