निळ्या रिबनची मुलगी

शिनोलीच्या साक्षीला ती जपानी कार्टून मालिका पहिल्यांदा टीनाने दाखवली. दोघी घोडेगावच्या कॉलेजात अकरावीला एका बाकावर बसायच्या. टीनाच्या वडिलांचं, कांतीलाल शेठचं, पेठेत कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या माडीवर वायफाय चांगलं यायचं, म्हणून अभ्यास तिथेच.

मालिकेची गोष्ट साधी होती. लहान लहान गावांतून आलेल्या मुली एका होस्टेलात राहतात, गाणं आणि नाच शिकतात, पडतात, रडतात आणि शेवटी हजारो लोकांसमोर स्टेजवर उभ्या राहतात. तिकडे अशा मुलींना आयडॉल म्हणतात. मालिकेवरून मोबाईलचा गेम निघाला होता, गाणी निघाली होती, आणि कार्टूनला आवाज देणाऱ्या मुली खऱ्या स्टेजवर तेच नाच करत होत्या. साक्षीला त्यातली निळ्या रिबनची मुलगी आवडायची. ती डोंगरातल्या गावची होती आणि तिचे वडील साक्षीच्या वडिलांसारखेच खांबावर चढायचे. साक्षीचे वडील जयवंत वायरमन होते, आई ज्योत्स्ना अंगणवाडीत सेविका.

बारावीच्या गॅदरिंगला दोघींनी त्यातलं एक गाणं जपानी शब्द पाठ करून गायलं, त्यावर नाच केला. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत पुण्याला नाच-गाण्याची कंपनी चालवणाऱ्या रामनाथ सरांपर्यंत गेला. त्यांनी फोन केला. मराठी मुलींचा तसाच ग्रुप उभा करायचाय, सहा मुली, तीन वर्षं ट्रेनिंग, राहणं-खाणं कंपनीचं. जयवंतने करारावर सही करताना दोनदा पेन झटकलं. "आपल्या घरात कुणाचं नाव पेपरात आलं न्हाई अजून," तो म्हणाला.

येडगावला धरणाच्या कडेला भाड्याचा बंगला होता. पहिल्याच दिवशी सरांनी मोबाईल जमा करून घेतले, मग दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला. "सेफ राहतील," ते म्हणाले. प्रत्येकीला एक रंग मिळाला आणि एक नाव. टीनाला पिवळा मिळाला, ती सोनल झाली. साक्षीला न मागता निळा मिळाला. तिचं नाव नीलू ठेवलं. आडनाव कुणीच लावायचं नव्हतं. गावची भाषा कॅमेऱ्यासमोर बोलायची नव्हती.

पहिले दोन महिने साक्षी खरोखर खूश होती. सकाळी गळा, दुपारी नाच, चार वाजता सरांच्या मोबाईलवर अर्धा तास लाइव्ह. लोक जमू लागले. रोज स्क्रीनवर बघणाऱ्यांनी पाठवलेल्या रंगीत बदामांचा पाऊस पडायचा आणि निळे बदाम सगळ्यांत जास्त असायचे.

संध्याकाळी गेटला कुलूप लागायचं. बिबट्या फिरतो, सर म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. शेजारच्या उसात त्याने एक वासरू मारलं होतं. दिवाळीनंतर कुलूप दिवसाही राहू लागलं. कुणी विचारलं नाही. खिडक्यांना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जाड, न उघडणाऱ्या काचा बसवल्या होत्या. घरी फोन रविवारी पाच मिनिटं, स्पीकरवर, सर समोर बसलेले.

जानेवारीत साक्षीचा डावा गुडघा सुजला. तिने चार दिवस विश्रांती मागितली.

"निळी नसली की फ्रेम रिकामी दिसते," सर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "गोळी घे. मालिकेत त्या मुलीचा पाय मुरगळला होता, आठवतं?"

आठवत होतं. पुढच्या भागात तो बरा झाला होता.

मार्चमध्ये एकदा ती त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "सर, मला घरी जायचंय. चार दिवस नाही. कायमचं."

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. आदल्या दिवशीचं लाइव्ह होतं. निळ्या रिबनची मुलगी टाळ्या वाजवत हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ही मुलगी दुःखी आहे का? तूच सांग. तुझे आई-वडील रोज हेच बघतात." मग त्यांनी कराराचं पान दाखवलं. मधेच सोडलं तर तीन वर्षं कुठेही गायचं नाही, नाचायचं नाही. नीलू हे नाव कंपनीचं, सगळे व्हिडिओ कंपनीचे. "आणि कागदपत्रं पुण्याच्या ऑफिसला आहेत. प्रोसेसला वेळ लागतो."

ती बाहेर आली आणि बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहिली. हसू नये म्हणून तिला तोंडावर हात धरावा लागला. ओठांना आता सवय झाली होती.

स्वयंपाकाला गावातल्या लंकाबाई यायच्या. साक्षीने त्यांना हळूच विचारलं, "मावशी, माझ्या घरी एक निरोप द्याल?"

"पोरी, मला काय इचारू नगं," लंकाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "आमची जागा बी ह्या बंगल्याच्याच मालकाची हाय." पण त्या दिवशी त्यांनी तिच्या ताटात चुलीवर भाजलेलं वांगं जास्त वाढलं आणि गुडघ्याला लावायला हळद गरम करून दिली.

चौदा एप्रिलला दरवर्षी शिनोलीच्या विहारासमोर साक्षी गायची. सातवीत असल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. रविवारच्या फोनवर वडील म्हणाले, "मी तेरा तारखंला येतो न्यायला. दोन दिस सोडतील की." समोर सर होकाराची मान डोलवत होते, म्हणून तिला वाटलं, सोडतील.

तेरा तारखेला बाराच्या उन्हात तिने वरच्या खिडकीतून वडिलांची मोटरसायकल पाहिली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागे तिची रिकामी बॅग बांधली होती. सर गेटपर्यंत गेले, गजांतूनच बोलले, मोबाईलवर काहीतरी दाखवलं. वडील ऐकत होते. त्यांनी एकदा बंगल्याकडे पाहिलं. साक्षीने दोन्ही हातांनी काच बडवली. काच हललीसुद्धा नाही. ती ओरडत होती आणि खाली वडील सरांना हात जोडत होते. मग त्यांनी बॅग नीट बांधली आणि गाडी वळवली.

सर वर आले. "मी त्यांना सांगितलं की तूच नको म्हणालीस, रिहर्सल सोडवत नाही म्हणालीस. त्यांना अभिमान वाटला. तोंड धू. चारला लाइव्ह आहे."

साक्षीने तोंड धुतलं. पावडर लावली. रिबन बांधली. चार वाजता सहा जणी ओळीने उभ्या राहिल्या, सगळ्यांनी हात हलवले, टीनाने स्वागताचं रोजचं वाक्य म्हटलं. मग साक्षी दोन पावलं पुढे आली आणि मोबाईलच्या इतकी जवळ गेली की मागच्या पाच जणी दिसेनाशा झाल्या.

"आई," ती म्हणाली, "मी साक्षी बोलती. पप्पांना म्हणावं मी यायला नको म्हणले नव्हते. मी वरून काच वाजवत व्हते. इथं कुलूप असतंय. मला न्यायला या."

एवढंच झालं. सरांनी लाइव्ह बंद केलं. ते रागावले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. नेट गेल्याची पोस्ट टाकत बसले. रागावल्या त्या मुली.

"आठ महिने घातलेत मी यात," टीना म्हणाली. ती खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. "तू जाशील. तुझी आई तुला नर्सिंगला घालेल. मी घरी गेले की सहा महिन्यांत लग्न. मुलगा बघून ठेवलाय त्यांनी, राजस्थानातला. इथं निदान नाचते तरी."

"कुलपात?"

"तिकडं काय उघडं आहे?" टीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेटसमोर एक पिकअप थांबली. मागे दहा-बारा बायका होत्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. विहारात वंदना झाली तशाच त्या निघाल्या होत्या. ज्योत्स्ना पुढे उतरली, जयवंत तिच्या मागे. तो खाली बघत होता.

एवढ्या बायका बघून सरांनी कुलूप काढलं. "तब्येतीसाठी सुट्टी देतोच होतो आम्ही," ते म्हणाले.

साक्षी लंगडत आली. आईने तिला जवळ घेतलं नाही, आधी गुडघा पाहिला. मग विचारलं, "कागदं कुठंयत हिची?"

"पुण्याला. पोस्टाने पाठवू."

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली आणि बंगल्याच्या पायरीवर बसली. "आमी थांबतो." बायका एकेक करून अंगणात बसल्या. सर फोन लावत राहिले. अर्धा तास गेला. मग लंकाबाई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून दारात आल्या.

"सायबांच्या खोलीतल्या कपाटात हायेत," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात. मी रोज झाडती तिथं."

कपाटात सहा फायली होत्या, रंगाप्रमाणे. साक्षीने निळी घेतली. मग पिवळीही काढली आणि जिन्यात उभ्या असलेल्या टीनापुढे धरली. टीनाने फाईल घेतली, उघडून आपली मार्कशीट पाहिली आणि परत कप्प्यात नेऊन ठेवली. कप्प्याचं दार तिनेच लावलं.

परतीच्या वाटेवर जयवंत म्हणाला, "मला वर बघायला पायजे व्हतं."

"बघितलं व्हतं तुमी," साक्षी म्हणाली. "ऊन व्हतं. काचंत दिसलं नसंल."

त्या वर्षी ती विहारासमोर गायली नाही. करारातलं पान तिच्या डोक्यातून जाईना. बायकांनी आग्रह केला, तरी ती मागच्या रांगेत बसून राहिली आणि ओळखीच्या ओळी आल्या की ओठ मिटून घेत राहिली. दहाव्या दिवशी येडगावचं लाइव्ह पुन्हा सुरू झालं. सहा मुली होत्या. निळी रिबन नव्या मुलीच्या केसांत होती आणि तिचंही नाव नीलू होतं. लोकांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विसरले.

मे संपता संपता निरगुडसरहून अंजना नावाची बाई पत्ता शोधत शिनोलीला आली. नवी नीलू तिची मुलगी प्रांजल. अंजनाने पाणीही घेतलं नाही. "तू तिथून आलीस म्हणं. सगळी म्हणत्यात, तुझं जमलं न्हाई म्हणून तू बोभाटा केला. माझी पोरगी तर रोज हसती."

"मी पण रोज हसत व्हते," साक्षी म्हणाली.

अंजनाने तिच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "माझ्यासंगं येशील?"

साक्षीला नको होतं. तिने रस्ता मनातल्या मनात घोडेगावपर्यंत, मग नारायणगावपर्यंत चालून पाहिला; त्यापुढे जाववेना. तरी ती चप्पल घालायला उठली. ज्योत्स्नाही निघाली.

गेटला नवं कुलूप होतं. स्वयंपाकघराच्या दारात लंकाबाईंच्या जागी दुसरीच बाई दिसली. सरांनी या वेळी सबबी सांगितल्या नाहीत; ते प्रांजललाच गेटपाशी घेऊन आले. "तिलाच विचारा," ते म्हणाले आणि बाजूला उभे राहिले.

प्रांजल सतरा-अठराची होती. "आई, मला नाही यायचं," ती स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली. "मी इथे खूप आनंदात आहे." आणि हसली. तेच शिकवलेलं हसू होतं, वरचे आठ दात दिसतील एवढं.

अंजनाने साक्षीकडे वळून पाहिलं. तिच्या नजरेत संशय होता. "ऐकलं का?" ती म्हणाली. "चल. उगा आलो."

"जरा थांबू, काकी," साक्षी म्हणाली. ती गेटच्या बाहेर मातीत बसली, दुखरा पाय लांब करून. ज्योत्स्ना तिच्या शेजारी बसली. साक्षी गजांतून प्रांजलकडे बघून हळू आवाजात, गावच्या बोलीत म्हणाली, "मला काय घाई न्हाई. तू हस. दमलीस की सांग."

रामनाथ सर म्हणाले, "चल आत, नीलू."

प्रांजल वळली नाही. ती तशीच हसत उभी होती. हळूहळू तिचा उजवा गाल थरथरू लागला, आणि अंजनाने ते पाहिलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी गेटचे गज धरले.

"सायेब," ती म्हणाली, "कुलूप काढा."