कोटाच्या दुमडीत

कोटाच्या खालच्या दुमडीवर इस्त्री अडखळली. तिने ती उचलून बाजूला उभी केली आणि दुमड चिमटीत धरून पाहिली. आत काहीतरी बारीक, कडक लागत होतं. खडूचा तुकडा राहिला असेल म्हणून तिने कच्चा टाका उसवला, तर टेबलावर एक गुलाबी गोळी पडली. पाठोपाठ दुसरी. मग तिने सगळा दोराच ओढला आणि गोळ्या टपटप गळत राहिल्या.

पलीकडे मशीनवर तिचा नवरा शीळ घालत बाही जोडत होता. आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कापड बेतायचं, कापायचं, शिवायचं ते मास्तरांनी. तुरपाई, काजं-बटणं आणि इस्त्री तिची. लग्न झाल्यापासून दुकानाचा हा कायदा होता. दुमड तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांची झोप उडाली होती. बोलणं थांबेना, पाय जमिनीवर ठरेनात. एका सकाळी त्यांनी गिऱ्हाइकांची कापडं एकामागून एक कापून काढली, मापं न बघता, कुणाच्याच अंगाला येणार नाहीत अशी. त्यानंतर कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "ज्यांना भास होतात त्यांना ही गोळी देतात, ते खरं. पण ज्यांचं मन असं उसळतं आणि मग तळाला जातं, त्यांनाही ती सावरते. चुकवायची मात्र नाही."

गोळीने मास्तर ताळ्यावर आले. पण पूर्वीचे सगळेच्या सगळे काही परत आले नाहीत. बोट जरासं थरथरायचं, तोंडाला सारखी कोरड असायची, आणि शीळ गेली ती गेलीच. ती रोज जेवणानंतर गोळी त्यांच्या हातावर ठेवायची, ते पाणी पिऊन आ करायचे, ती जिभेखाली बघायची. मध्यंतरी एकदा त्यांनी आ करून सिंहासारखी डरकाळी फोडली. ती इतकी हसली, की बघायचं राहूनच गेलं. मग रोज डरकाळी आणि रोज हसणं. शीळ परत आली तेव्हा तिने डॉक्टरांना हौसेने फोन करून सांगितलं होतं, गोळी आता छान मानवली म्हणून. ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

"अहो."

"बोला, मालकीणबाई."

"मशीन थांबवा जरा."

मास्तरांनी मान वळवली. गोळ्या पाहून ते दचकले नाहीत.

"सापडल्या का?"

"गटारात टाकायच्या होत्या. मला पत्ताही लागला नसता."

"म्हणून तर नाही टाकल्या."

तिने हातातल्या दुमडीकडे पाहिलं. एवढ्या दुकानात नेमकी तिच्याच हातात येणारी जागा.

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगू? तू हसत होतीस गं." मास्तर बाहीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "किती दिवसांनी हसत होतीस."

तिने फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. आजची गोळी आत्ता द्या आणि संध्याकाळी दोघंही या, एवढंच म्हणाल्या.

तिने पाकिटातून नवी गोळी काढली, पेला भरला. मास्तरांनी शहाण्या मुलासारखा हात पुढे केला. तिने मूठ मिटून घेतली.

"मघाचं गाणं अर्धंच राहिलं," ती म्हणाली. "तेवढं पुरं करा."

मास्तरांनी शीळ घातली. ती तशीच उभी राहून ऐकत होती. मध्यावर सूर भरभर धावू लागला. मास्तरांचा पाय ठेका धरेना, आणि एका हाताने त्यांनी फडताळातलं कापड पुढ्यात ओढलं, आज सकाळीच आलेलं, अजून मापही न घेतलेलं. डोळे लकाकत होते. तिला ते डोळे ओळखीचे होते.

गाणं संपलं.

"आणखी एक?" मास्तरांनी विचारलं.

मुठीतल्या घामाने गोळीचा गुलाबी रंग तळव्याला लागायला लागला होता. तिने दुसऱ्या हाताने टेबलावरची कातर हळूच आपल्याकडे सरकवली.

"एकच," ती म्हणाली.