पॅडमधली छिद्रं

भाग्यश्रीने परत आलेलं ते यंत्र तिसऱ्यांदा चालू केलं. व्यवस्थित चाललं. बंद पडलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

ती मूळची यवतमाळची. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या कंपनीत सर्किट बोर्ड आखायची. कंपनी नवजात बाळांचा श्वास मोजणारी यंत्रं बनवत होती. बारा यंत्रं महिनाभर कसबा पेठेतल्या एका प्रसूतिगृहात चाचणीसाठी लावली होती. त्यातलं हे एक ‘मधेच बंद पडतं’ अशी चिठ्ठी चिकटवून परत आलं होतं.

“केबल ढिली असेल,” कंपनीचे मालक दिग्विजय सर जाता जाता म्हणाले. “बदला आणि पाठवून द्या. सोमवारी यंत्राच्या मान्यतेसाठी तपासणीचे लोक येताहेत.”

केबल बदलून झाली. पण सोल्डरिंगचं, म्हणजे वितळलेल्या धातूने बोर्डावर भाग जोडायचं, काम बघणाऱ्या सुदर्शनने झाकण लावायच्या आधी बोर्डावर जरा गरम हवा सोडली आणि तिला हाक मारली.

“ताई, हे बघा. तापलं की बंद पडतंय. चिप बोटानं दाबली की परत चालू हाय.”

ती चिप नखाएवढी, आणि तिच्या पोटाखाली सोल्डरचे ऐंशी बारीक थेंब. प्रत्येक थेंब बोर्डावरच्या तांब्याच्या एका टिकलीवर, म्हणजे पॅडवर, बसतो. तारा बाहेर काढायला जागाच नव्हती, म्हणून भाग्यश्रीने पहिल्यांदाच पॅडच्या आत लेझरने केसाएवढी छिद्रं घेतली होती. ती तांब्याने भरून वरून सपाट करून घ्यावी लागतात. नाहीतर सोल्डर वितळताना छिद्रातली हवा थेंबात शिरते आणि आत बुडबुडा राहतो, आणि तापल्यावर तो कच्चा जोड सुटतो.

तिने बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवलेल्या सूचना उघडल्या. छिद्रं भरण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सूचनांचं पान जुन्या बोर्डावरून तसंच उचललं होतं, आणि जुन्या बोर्डात अशी छिद्रंच नव्हती. खाली ‘तपासले’ असं लिहून तिचंच नाव.

दुपारी ती बोर्ड घेऊन भोसरीतल्या एका एक्स-रे लॅबमध्ये गेली. पडद्यावर काळे थेंब दिसले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात एक फिकट गोल. लॅबमधला माणूस म्हणाला, “बुडबुडे मर्यादेत आहेत. पास.” त्याने शिक्का मारून कागद हातात दिला. परतताना प्रत्येक सिग्नलला तिला तो कागद फाडावासा वाटत होता.

“रिपोर्ट पास आहे ना?” दिग्विजय सरांनी विचारलं. “मग?”

“सर, यंत्र तापलं की बंद पडतंय. चूक माझी आहे. बाकीची अकरा तिथे बाळांना लावलेली आहेत.”

“सोमवारनंतर बघू.”

ती जागेवर येऊन बसली. उठली, पाणी प्यायली, परत बसली. दहा मिनिटांनी तिने स्कूटरची किल्ली आणि एक रिकामं खोकं उचललं आणि थेट प्रसूतिगृह गाठलं.

तिथल्या मुख्य परिचारिका निकिता सिस्टर. भाग्यश्रीने एका दमात सगळं सांगितलं.

“चला, कोणीतरी विचारायला आलं म्हणायचं,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही डोळ्यांनी बाळं बघत होतो म्हणून निभावलं. तुमच्या यंत्रांच्या भरवशावर कोण बसतंय?”

“याआधी कुठलं बंद पडलं होतं का, बाळाला लावलेलं असताना?”

सिस्टरांचा आवाज उतरला. “दोनदा. दोन्ही वेळा मी जवळच होते.”

भाग्यश्रीने खोकं उघडून पुढे धरलं. सिस्टरांनीच एकेक यंत्र काढून खोक्यात ठेवलं.

ती कंपनीत परतली तेव्हा दिग्विजय सर दारातच उभे होते. “कोणाला विचारून आणलीत?”

“कोणालाच नाही.”

“छान. सोमवारी तपासणीवाल्यांना मी काय खोकं दाखवू?” पण खोकं त्यांनी स्वतःच तिच्या हातातून घेतलं आणि सुदर्शनच्या टेबलावर ठेवलं. “तापवा सगळी. आत्ता. माझ्यासमोर.”

अकरापैकी चार बंद पडली. चौथं बंद पडल्यावर सर खुर्चीत बसले. मग त्यांनी फोन उचलला आणि तपासणी दोन महिने पुढे ढकलायला सांगितली. “कारण? आमच्या बोर्डात दोष आहे,” त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही. दोषाच्या अहवालात ते तिने स्वतः लिहिलं.

महिन्याने नवे बोर्ड आले. भाग्यश्रीने त्यातला एक चिपच्या जागी बरोबर मधोमध कापायला लावला, कड घासून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. छिद्रं काठोकाठ तांब्याने भरलेली, वरून सपाट. सुदर्शनने वाकून बघितलं.

“झ्याक भरलंय, ताई. आता बास.”

“अजून एक कापू या.”

“अहो, असे किती कापणार?”

गठ्ठ्याच्या तळातला एक बोर्ड ती ओढून काढत होती.