जाकीट घातलेला फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, पण जुना म्हणून हसू नका. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या गारव्याने शेजारच्या कपाटाला पडसं झालं होतं! खोटं वाटत असेल तर कपाटाला विचारा.

गावातल्या छोट्या दवाखान्यात मी लशी सांभाळायचो. तेव्हा माझं केवढं कौतुक! मग नवा फ्रिज आला, त्यात लशींखेरीज काहीही ठेवायला बंदी, आणि माझ्या पोटात डबे, बाटल्या, शिवाय एका कप्प्यात शिपाईमामांच्या चपला आल्या. "उन्हात तापतात हो!" म्हणायचे.

तिथे शिंपीणकाकू यायच्या. त्यांना कर्करोग होता. नेहमीच्या औषधांनी हात टेकले, म्हणून त्या शहरातल्या रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीत सामील झाल्या. ते लागू पडेल का, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणून तर चाचणी! पण शहर लांब. जाऊन येता येता काकू मेटाकुटीला यायच्या.

"औषधानं नाही, प्रवासानंच उसवतेय मी. आता पुरे!" त्या आमच्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या.

"सोडू नका, काकू. औषधच इकडे बोलावते," बाई म्हणाल्या आणि रुग्णालयाच्या हात धुऊन मागे लागल्या.

अखेर तिथल्या तपासनीस मॅडम आल्या. त्यांनी माझं दार उघडलं आणि चपलांकडे बघतच राहिल्या. मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

"इथं ठेवायचं औषध? उठसूट दार उघडलं तर वाया जाईल ते." त्यांनी आत तापमान नोंदणारं यंत्र ठेवलं. "महिन्यानं येते. एकदा जरी पारा चढला, तरी काकूंना शहरातच यावं लागेल."

चपला निघाल्या, डबे निघाले, पण हातांची सवय जाईना. शिपाईमामांचा हात झोपेतही माझ्या मुठीकडे यायचा! काकूंनी ते पाहिलं आणि टेप काढून माझं माप घेतलं.

"छाती भरदार आहे हो याची!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कापडाचं जाकीट आणलं. मला वारा लागावा म्हणून पाठ उघडी. पुढे मात्र वरपासून खालपर्यंत बटणंच बटणं. शिपाईमामा एकदा ती काढायला बसले आणि अर्ध्यावर पोचेपर्यंत तहान विसरून घरी गेले!

एका रणरणत्या दुपारी वीज गेली. काकूंना तपासणीला घेऊन आलेले त्यांचे यजमान माझी बटणं काढू लागले.

"हिच्यासाठी एखादी गार बाटली असेल आत."

"हात काढा!" काकू कडाडल्या. "कोमट पाण्यानं मी मरत नाही. हे दार उघडलंत, तर मात्र सांगता येत नाही!"

त्या माझ्या दाराला पाठ लावून बसल्या. मीही दात-ओठ खाऊन आतली थंडी धरून ठेवली. वीज येईपर्यंत दोघंही हललो नाही.

मॅडमनी येऊन नोंदी पाहिल्या. पारा चढला नव्हता.

"पुढचं औषध इथेच घ्या, काकू."

आता काकू सकाळी चालत येतात आणि दुपारी आपल्या शिलाईयंत्रावर असतात. औषधाची परीक्षा अजून चालू आहे. निकाल काहीही लागो, माझा गारवा ढळणार नाही.

तेव्हा मित्रांनो, घरच्या फ्रिजचं दार उघडून 'काय बरं खावं' म्हणत उगाच उभे राहू नका. त्या गारव्यावर कुणाची भिस्त असेल, बाहेरून दिसत नाही. ऐकलं नाहीत, तर काकू टेप घेऊन येतील. त्यांच्याकडे बटणं पुष्कळ उरली आहेत.