प्रार्थनेचं निमित्त

नवरा घर सोडून गेला, हे धाकटीने फक्त थोरल्या बहिणीच्या कानावर घातलं होतं. रविवारी चर्चमध्ये थोरली उभी राहिली आणि धाकटीच्या मोडलेल्या संसारासाठी तिने सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या शिलाईच्या दुकानात बायका कापड न आणताच डोकावून गेल्या.

संध्याकाळी थोरली आली. "अगं, प्रार्थनाच तर मागितली. काय वाईट केलं मी?"

"ताई, देवाला आधीच ठाऊक होतं. लोकांना तू सांगितलंस," मशीनवरून मान न उचलता धाकटी म्हणाली.

थोरलीने रडून माफी मागितली. धाकटीने मनापासून माफही केलं. पुढे छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा मात्र तिने एकट्या देवालाच सांगितलं. थोरलीला ते ऑपरेशननंतर शेजारणीकडून कळलं.