वाऱ्याची बाजू

सिंधूनं गिलाव्याला नख लावलं आणि ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं.

"अप्पा, ह्ये तर अजून वलंच हाय की हो!"

 गुरुपादप्पानं हातातली गोणपाटं घडी घालून बाजूला ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

माघात त्याची बायको जगदेवी गेली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून पुरलं, लेंडी नदीच्या काठी, भट्टीमागच्या त्यांच्याच पट्टीत. होळीच्या सुमारास गुरुपादप्पानं वर कमरेएवढी समाधी बांधून घेतली आणि तिच्यावर आपल्या हातच्या चुन्याचा गिलावा चढवून घेतला. लेक माहेराला आली ती वैशाखात. आईला भेटावं म्हणून गेली आणि वरची गोणपाटं तिनं दूर केली.

देगलूरच्या बाजूला गुरुपादप्पाचा चुना डोळे झाकून घ्यायचा माल होता. निजाम सरकारच्या कचेरीची भिंत त्याची, मशिदीचा हौद त्याचा, मठाचं शिखरही त्याचंच. तो मात्र म्हणायचा, भट्टी माझी, चुना जगदेवीचा. कारण खडे ती वेचायची. बालाघाटाचा काळा दगड ऊन-पाण्यानं सडत सडत मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि त्या मातीतून झिरपलेल्या पाण्यातून दरडीत चुनखडीचे पांढरे खडे धरतात. पावसाळा सरला की ती टोपली घेऊन नदीत उतरायची. दोन खडे एकमेकांवर वाजवायची, आवाज आवडला तर टोपलीत, नाहीतर पाण्यात. आणि भट्टीतून निघालेल्या खड्यांची टोपली डोक्यावर घेताना दरवेळी हसायची.

"बगा, कशी हलकी झाली. खड्याचा दम काढला तुमी."

"भिंतीला लागू दे. वाऱ्यातून परत घेतो त्यो."

हेच तर तो जन्मभर गिऱ्हाइकांना बजावत आला होता. पाणी मारा, पण गिलावा कोंडून ठेवू नका. चुना वारा पितो, तेव्हा कुठं त्याचा पुन्हा दगड होतो.

"जगाला सांगता उघडं ठेवा," सिंधू म्हणाली, "आन् अव्वाला मातर गोधडीत गुंडाळलाव."

"ऊन लई हुतं. चिरा पडतील म्हनून पानी मारून झाकलं. मग शेरडं येऊन अंग घासाय लागली. मग राहिलं तसंच."

खरं म्हणजे रोज सकाळी ती ओली गोणपाटं सारखी करताना त्याला बरं वाटायचं. आजारपणात तो तिचं पांघरूण असंच सारखं करायचा. हे त्यानं लेकीला सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं. 

बांधावरून संगप्पा गवंडी आला. गिलावा त्यानंच चढवला होता. त्यानं बोट लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"गुरपादप्पा, चुना दिलास का दही दिलंस रं?"

"बोल, बोल. आज तुजा दिस हाय."

"हासू नको. मिरग तोंडावर आला. झड लागली की समदं धुऊन लेंडीत जाईल. हैद्राबादेचं सिमिट मागवू का? वरून एक हात मारतो."

गुरुपादप्पानं मान हलवली. "दुसऱ्याचा चुना तिच्या अंगावर न्हाई."

"मग काड ती गोणपाटं, आन् बस वाट बघत."

तसंच केलं. सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं पाण्याचा शिपका आणि बाकी दिवसभर उघडी समाधी. सिंधू शेरडांमागं काठी घेऊन धावायची, बापाला भाकरी तिथंच आणून द्यायची आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं त्याच्या तक्रारी सांगायची. म्हातारा गालात हसायचा. सासरहून निरोप आला तरी ती गेली नाही. "अव्वा वाळू द्या, मग निगते," म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

एके दिवशी दुपारून पश्चिमेला ढग चढले. गुरुपादप्पा भट्टीवरून लगबगीनं समाधीपाशी आला. त्यानं नख लावलं. नख घसरलं. नीट जोर देऊन पुन्हा लावलं, तर नखाचाच तुकडा पडला. मग त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. आवाज ओळखीचा होता. या आवाजाचा खडा जगदेवीनं टोपलीत टाकला असता.

तो नेहमीच्या जागी, समाधीसमोर नदीकडे पाठ करून बसला. चंची उघडली, पानाला चुना लावला. नदीवरून वारा सुटला आणि त्याचा सदरा पाठीवर फुगला. पान हातात तसंच राहिलं. थोडा वेळ तो फुगलेल्या सदऱ्याकडे मान वळवून बघत राहिला.

मग गुडघ्यावर हात टेकून उठला, समाधीला वळसा घातला आणि पलीकडच्या अंगाला जाऊन बसला. आता वारा आधी तिला लागत होता, मग त्याला.