वसुंधराताईंची परीक्षा

माझ्याकडे पुरातत्त्वाची पदवी नाही. बी.कॉम. केलं, विमा कचेरीत चिकटले आणि सगळे रविवार टेकाडांवरच्या जुन्या मातीत घालवले. त्यामुळे आमच्या उत्खनन संस्थेने यंदा पहिल्यांदाच पदवी नसलेल्यांसाठी हातकामाची परीक्षा ठेवली, तेव्हा मी इंदूरच्या सराफ्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले. जागा एकच. वयाच्या अटीत मी यंदा बसत होते, पुढच्या वर्षी नाही.

परीक्षा सिमरोलच्या पुढच्या टेकाडावर, भर दुपारी. उत्खननाचे जुने खड्डे, प्रत्येकाला एक भिंत. ती तासून साफ करायची, मातीचे थर ओळखायचे आणि एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे करणीच्या टोकाने रेष ओढायची. चुकलं तर भिंत एकदाच खरवडता येते. परीक्षक नाव बघत नाहीत, भिंत बघतात.

तासून झाल्यावर मी पाणी प्यायला वळले. परत बघते तर भिंतीवर रेष.

ती मधेच खाली उतरून पुन्हा वर चढली होती. म्हणजे तिथे कोणे एके काळी कोणीतरी खणून बुजवलं होतं. मला ते दिसलंच नव्हतं. आता दिसलं आणि अंगावर काटा आला.

"सुशांत भिया, माझ्या खड्ड्यात कोण उतरलं होतं?" देखरेखीवरच्या सुशांतला मी ओरडून विचारलं.

"कोई नहीं! मी इथेच तर खडा आहे." मग तो जवळ आला. "ही वसुंधराताईंची जागा आहे ना. बरसों फुकट काम केलं त्यांनी इथे. दर साल अर्ज करायच्या, दर साल लक्ष्मीकांत सर म्हणायचे, डिग्री आणा. मागच्या ठंडीत गेल्या बिचाऱ्या."

मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. मेलेल्या बाईची नक्कल करून पास व्हायचं? मी सगळी रेष खरवडून टाकली. आतली ओलसर माती उघडी पडली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर रेष पुन्हा उमटू लागली. हळू, जपून, मधे मधे थांबत, पहिल्यांदा पेपर लिहिणाऱ्या मुलीसारखी.

तेव्हा कळलं. ताई मला उत्तर सांगत नव्हत्या. त्या परीक्षेला बसल्या होत्या.

परीक्षक म्हणून लक्ष्मीकांत सरच आले. भिंतीसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले. "उत्तम, निशिगंधा. इतकं बारीक आज कुणालाच दिसलं नाही."

नुसतं हो म्हटलं असतं तर जागा माझी होती. किती हवी होती ती मला!

"सर, ही रेष माझी नाही. वसुंधराताईंची आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं, पण कसं ते त्यांनी विचारलंच नाही. रेषेच्या वळणावर बोट ठेवून ते उभे राहिले. तो हात त्यांच्या ओळखीचा होता.

"बरोबर आहे की नाही, तेवढं त्यांना सांगा," मी म्हणाले.

"बरोबर आहे," ते पुटपुटले. मग भिंतीकडे बघून मोठ्याने, "वसुंधराताई, पास."

खड्ड्यातली हवा सैल झाली. मला रडूच आलं.

सरांनी डोळे पुसले. "आणि तुझी रेष?"

एकदाचं खरवडणं मी वापरून टाकलं होतं; ओढायला भिंतच उरली नव्हती. मी मान हलवली.

"मग नाही घेता येणार, बेटा. नियम आहे." त्यांचा आवाज खरंच मऊ होता. ताईंशीही ते दर वर्षी असेच मऊ बोलले असणार.

वर चढताना मी मातीवर हात टेकला. तो तिथून उचलायला मला फार जोर लावावा लागला; ताई सुटल्या होत्या, माती आता मला धरत होती.